अनुभव धागा: घरी केलेली नाताळची सजावट आणि भेटी – जमलेलं, फसलेलं सगळं लिहा

विश्रामबाग, सांगली

गेल्या डिसेंबरात बाजारातून कमरेएवढं प्लॅस्टिकचं झाड आणि दिव्यांची एक माळ आणली. माळेनं दुसऱ्याच संध्याकाळी मान टाकली. झाडाचे हिरवे केस मात्र अजून सोफ्याखालून निघतायत. यंदा लेकीनं फर्मान काढलंय, विकतचं काही आणायचं नाही.

आमच्या समोरच्या दारातल्या काकू निवृत्त नर्स. दिवाळीला आमचा फराळाचा डबा त्यांच्याकडे जातो आणि नाताळाला करंज्या, चकल्या, कलकल आणि केकचे तुकडे भरून परत येतो. मधला दीड-दोन महिना डबा त्यांच्या फडताळात असतो, कारण रिकामा डबा परत करायचा नाही ही दोन्ही घरांची शिस्त. यंदा डबा यायच्या आधी मलाच त्यांच्याकडे हातानं केलेलं काहीतरी घेऊन जायचंय.

म्हणून हा धागा. काय केलंत, कशाचं केलंत, कुठे फसलं ते लिहा. अट एकच, सामान आपल्या सांगली-साताऱ्याकडे मिळणारं हवं. व्हिडिओतल्या बायका "अंगणातल्या पाइनची फळं घ्या" म्हणतात. माझ्या अंगणात शेवगा आहे.

मिरज

आमच्या घरात झाड फार नंतर आलं, त्याआधी होती चांदणी. डिसेंबर लागला की आजोबा बुरुडाकडून हिरव्या कळकाच्या कामट्या आणायचे. ज्याला आकाशकंदील येतो त्याला चांदणीही येते, फक्त मापात हयगय नको.

दोन-दोन फुटांच्या दहा कामट्या घ्यायच्या, जाडी एकसारखी. पाच कामट्यांची एक चांदणी, शाळेत पेन्सिल न उचलता काढायचो तश्शी. टोकं जाड दोऱ्यानं आवळून बांधायची. अशा दोन झाल्या की एकीवर एक ठेवून पाचही टोकं जोडून टाकायची. इथपर्यंत सगळं सपाट असतं. मग जिथे कामट्या एकमेकींना छेदतात त्या आतल्या पाच जागी चार-चार बोटांचे तुकडे दोन्ही चांदण्यांच्या मधे उभे सारायचे. एकेक तुकडा बसला की सांगाड्याला पोट सुटत जातं. आम्ही भावंडं आजोबांच्या गुडघ्याला टेकून हेच बघायला बसायचो. पाचव्या तुकड्याला कामटी कुरकुरते. तिथे जोर केला की संपलं, पुन्हा दोरा सोडा. आजोबा त्या वेळी श्वास धरायचे, आणि आम्हीही.

वरून पतंगी कागद. संक्रांत जवळ आल्यामुळे दुकानात तो डिसेंबरात भरपूर असतो. एक बगल उघडी ठेवायची, बल्ब सोडायला. आणि त्या बल्बाचीच गोष्ट सांगायचीय. मी सहावीत असताना आत साठचा पिवळा बल्ब होता. चर्चच्या मंडळीतली तरुण मुलं गाणी म्हणत घरोघर येत होती, आमच्या दारात आली आणि वाऱ्यानं चांदणी हलली. कागद आधी तपकिरी झाला, मग भक्कन पेटला. काकांनी बादली ओतली. ओल्या बल्बाचा फटाका झाला आणि घरातले सगळे दिवे गेले. गाणारे क्षणभर थांबले, पाळकसाहेब अंधारातून म्हणाले, "पुढचं कडवं." त्यांनी ते म्हटलं.

आता आम्ही पाच वॅटचा एलईडी लावतो. आजोबांचा एक जुना सांगाडा अजून माळ्यावर आहे, दरवर्षी फक्त कागद नवा.

सांगली, गावभाग

कागद चिकटवायची खळ कशाची करता ते राहिलं की! आमच्याकडे मैद्याची. आई त्यात कीड लागू नये म्हणून मोरचूद घालायची, पण तो विषारी. लहान पोरं बोटं चाटतात, मी तुरटी घालते. खळ गार झाल्याशिवाय पतंगी कागदाला लावायची नाही, कागद विरघळल्यासारखा होतो.

सातारा

आम्ही ख्रिस्ती नाही. तरी आमच्या दारात बेथलेहेम झालं, आणि त्याला कारण आळस.

दिवाळीत मुलांनी अंगणात किल्ला केला होता. दगड, वर गोणपाट, त्यावर चिखल, आणि अळीव पेरून झाडी. दिवाळी संपल्यावर महाराजांची मूर्ती मुलांनी सन्मानानं घरात नेली, मावळे खोक्यात भरले, आणि किल्ला तसाच राहिला. मी रोज ओरडतोय, कोण ऐकतंय. डिसेंबरात धाकटा शाळेतून गव्हाणीचा देखावा बघून आला आणि म्हणाला, "पप्पा, आपल्याकडं गुहा आहे की."

होतीच. दर किल्ल्यात असते, वाघाची.

मग दोन दिवस दोघं भाऊ कामाला लागले. तटबंदी पाडली, बुरुजाचं टेकाड केलं. गुहेत पाचट अंथरलं. मरिया आणि योसेफ शाडूचे केले. योसेफाची मान तीनदा पडली, शेवटी आत काडेपेटीची काडी खोचली. बैल आयते होते, बेंदराला आणलेली मातीची जोडी आईनं देवळीत जपून ठेवलेली. एकाचं शिंग मोडकं आहे, पण ऐटबाज. गाढव काही मिळालं नाही. खोक्यातले शेतकरी आणि गवळण मेंढपाळ म्हणून उभे राहिले, गवळणीच्या डोक्यावरच्या हंड्यासकट. मेंढ्या शेंगांच्या टरफलांना कापूस चिकटवून केल्या. शेंगाची दोन दाण्यांची टरफलं घ्या, मधे आपोआप कंबर येते आणि पुढचा भाग डोक्यासारखा दिसतो.

हिरवळ नव्यानं हवी होती. अळीव तीन-चार दिवसांत येतं पण लवकर लोळतं. नाताळासाठी गहू बरा. सतरा तारखेला भिजवला, अठराला पेरला, पंचवीसला वीतभर उभा होता.

वाघ मात्र धाकट्यानं काढू दिला नाही. "तो बाळाची राखण करतोय." आमच्या ओळखीच्या एका फादरना संकोचत दाखवलं. ते उकिडवे बसून बराच वेळ बघत राहिले. मग त्यांनी सांगितलं की बेथलेहेमच्या मोठ्या चर्चखाली खरोखरच गुहा आहे, जन्म तिथेच झाला असं मानतात. आणि संत फ्रान्सिसनं १२२३ साली इटलीतल्या ग्रेचो गावी गव्हाणी मांडली तीही डोंगरातल्या गुहेत, जिवंत बैल आणि गाढव आणून. "तेव्हा गुहा बरोबर आहे," ते म्हणाले. वाघाबद्दल काही बोलले नाहीत.

वाळवा तालुका

झाड झाड काय करताय ओ. बांधावर जावा की.

डिसेंबरात उसाला तुरा येतो. तुरा आला की उसाची वाढ थांबली, शेतकऱ्याला ते बघून काय बरं वाटत नाही. त्यामुळं दहा-पंधरा तुरे तोडून नेले तर कोण अडवत नाही, फक्त विचारून तोडा. आमची सून पुण्याची, तिनं पहिल्या वर्षी घागरीत वाळू भरून तुरे लावले. मधला उंच, भोवतीचे उतरते. खालनं पिवळा दिवा. चांदीचं झाड दिसायलं बघा, मीच दारात थबकलो. एवढं आयुष्य उसात गेलं, तुरा आला की वैतागच यायचा. शोभेचा म्हणून कधी बघितला नव्हता.

आता फसलेलं. तुरे पूर्ण फुललेले आणले होते. तिसऱ्या दिवशी सगळा कापूस घरभर. आमटीत, उशीवर, म्हशीच्या पाठीवर. तवा अर्धवट फुललेले, जरा तांबूस असतानाच तोडायचे, आणि वरनं केसांवर मारायचा स्प्रे मारायचा. पंख्याखाली ठेवायचे नाहीत. पाती धारदार असतात, ती आधी सोलून काढा, नाहीतर हात चिरतोय.

कराड

माझ्याकडे लग्नपत्रिकांचा ढीग असतो, दोन्ही दिरांची लग्नं एकाच वर्षी झाली. जाड, सोनेरी कडांचा कागद टाकवत नाही. त्यातून चांदण्या, देवदूतांचे पंख, भेटीवर बांधायच्या चिठ्ठ्या असं सगळं होतं. अडचण एकच, गणपतीवर कात्री कशी चालवायची? मी गणपतीचा तुकडा आधी सगळा सोडवून वेगळा ठेवते. आता माझ्याकडे एक बूटाचं खोकं भरून गणपती आहेत. त्यांचं काय करू, हा धागा कोणी काढला तर सांगा.

मिरज, दुसऱ्या टोकाहून

सजावट भरपूर झाली, मी भेटीचं लिहिते.

मत्तयाच्या शुभवर्तमानात मागी, म्हणजे पूर्वेकडून आलेल्या ज्ञानी लोकांनी बाळाला सोनं, ऊद आणि गंधरस दिला असं आहे. संडे स्कूलमध्ये मी हे वीस वर्षं शिकवलं. एकदा एका मुलीनं विचारलं, "टीचर, गंधरस कसा दिसतो?" मला माहीत नव्हतं. घरी जाऊन शोधलं तर गंधरस म्हणजे आपला हिराबोळ. काष्ठौषधीच्या दुकानात बरणीत असतो!

गेले. दुकानदार वयस्कर. हिराबोळ म्हटल्यावर चष्म्यावरून बघून म्हणाले, "घरात बाळंतीण आहे वाटतं?" पूर्वी बाळंतिणीला बोळ द्यायचे ना. माझ्या तोंडून निघून गेलं, "आहे, पण बेथलेहेमला." त्यांना कळायला थोडा वेळ लागला, पण मग हसत हसत त्यांनी चार खडे जास्तीचे टाकले.

ऊद मीरासाहेब दर्ग्याजवळ घेतला. सोन्याचा प्रश्न सांगलीनं सोडवला. पॉलिश केलेलं हळकुंड उन्हात धरून बघा, दुसरं काय म्हणणार त्याला? सांगलीच्या हळदीला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालंय, तेव्हा सोनं अस्सल आहे असं मी मुलांना सांगते.

हळदीकुंकवाचे साठलेले खण कापून तीन-तीन छोट्या थैल्या शिवल्या, एकीत हळकुंड, एकीत ऊद, एकीत हिराबोळ. नाडीला चिठ्ठी. पहिल्या वर्षी चिठ्ठीत फक्त वचन लिहिलं होतं. एका घरी हिराबोळ खडीसाखर समजून तोंडात टाकला गेला. तो इतका कडू असतो की त्याचं जुनं सेमिटिक नावच 'कडू' या अर्थाच्या धातूवरून आलंय. ते गृहस्थ अजून मला उपासनेनंतर हात जोडतात, पण लांबून. आता वचनाखाली लाल शाईत लिहिते: निखाऱ्यावर टाकायचा, खायचा नाही.

त्या मुलीला मी तिन्ही खडे हातात दिले. तिनं हिराबोळ हुंगला आणि नाक मुरडून म्हणाली, "बाळाला हे कशाला दिलं?" मृतदेहाला लावायला तो वापरत, हे मला तिला त्या दिवशी सांगवलं नाही. गुड फ्रायडेला सांगितलं.

भिलार

आमच्याकडे स्ट्रॉबेरी. बारकी, वाकडी फळं पॅकिंगला चालत नाहीत, त्यांचा जॅम करून नाताळाला पाहुण्यांना द्यायचा असं ठरलं. किलोला पाऊण किलो साखर घातली, तासभर आटवलं, गरम बरण्यांत भरलं, झाकणावर लाल कापड, सुतळी, सगळं देखणं. दुसऱ्या दिवशी बरणी तिरकी केली तर सरबत. स्ट्रॉबेरीत जॅम घट्ट करणारं पेक्टिन मुळात कमी असतं आणि मी लिंबू घालायचं विसरले होते. बारा बरण्यांवर "जॅम" छापलेली लेबलं. आदल्या रात्री बसून त्यावर पेनानं "सिरप, दुधात घालून प्या" लिहिलं. सगळ्यांनी पुढच्या वर्षी तेच मागितलं.

जॅमच हवा असेल तर किलोला एका मोठ्या लिंबाचा रस आणि एक आंबटसर पेरू किसून घाला, बिया गाळून. थंड ताटलीवर थेंब टाकून बोट ओढा. वाट तशीच राहिली तर झाला.

मिरज (चांदणीवाला)

आमच्या गल्लीपलीकडे सतार करणारे राहतात. भोपळा कापल्यावर वरचे तुकडे उरतात, ते मागून आणतो. रात्रभर पाण्यात ठेवले की करवतीला नरम लागतात, तडकत नाहीत. पॉलिशपेपरनं घासले, लाखेचं पॉलिश मारलं की सतारीचाच रंग. त्याच्या घंटा करतो. एका घंटेत लोलक म्हणून तुटलेल्या तारेचा तुकडा टांगला, तर ती वाजते. फार बारीक, पण वाजते.

विश्रामबाग, सांगली

सव्वीस तारीख, हिशेब देते.

चांदणी केली. तीन कामट्या मोडल्या, पाचव्या तुकड्यालाच. लेकीनं श्वास धरला नव्हता असं तिचं म्हणणं. मग नवऱ्यानं चौथ्यांदा जमवली आणि तेव्हापासून येणाऱ्या-जाणाऱ्याला तोच समजावून सांगतोय. तीन थैल्या शिवून काकूंकडे नेल्या. काकूंनी हिराबोळ नाकाशी धरला, म्हणाल्या, "हा वास मॅटर्निटी वॉर्डाबाहेरच्या म्हाताऱ्यांच्या पिशव्यांना यायचा." मग बराच वेळ वॉर्डाच्याच गोष्टी निघाल्या, करंज्या खाता खाता. डबा भरून आला, आणि बरोबर एक दुसराही, त्यांच्या सुनेच्या माहेरचा. म्हणजे आता माझ्यावर दोन डबे.

तुरेही आणले होते, अर्धवट फुललेले, स्प्रे मारून. हॉलमध्ये फारच सुंदर दिसत होते. काल पाहुणे आले, कोणीतरी सवयीनं बटण दाबलं. आत्ता हे लिहितेय तर कीबोर्डवर कापूस आहे.

वाळवा तालुका

पंख्याखाली ठेवू नका म्हटलं होतं.