मागच्याच चाकाला सारखं पंक्चर, शिवाय पार्किंगमधल्या कुलपाचा प्रश्न

कडेकडेने
जाणकारांनी जरा मदत करा. रोडबाईक आहे, टायर ७००×२५ (२५ मिमी रुंद), प्रेस्टा म्हणजे बारीक तोंडाचा व्हॉल्व्ह. कात्रजचा जुना घाट ते शिरवळ, आठवड्यातून ३ फेऱ्या. ३ आठवड्यांत ४ पंक्चर, चारही मागच्या चाकाला. हवा एकदम जात नाही, रात्री भरलेली सकाळी बसलेली असते. टायरवर १२० पीएसआय लिहिलंय, तेवढीच भरतो. माझं वजन ७२ किलो. दर वेळी नवी ट्यूब घातली. आता टायरच बदलू का? डिसेंबरात २०० किमीची बीआरएम (ठरलेल्या वेळात पुरी करायची लांबची सायकलफेरी) करायची आहे.
दुसरं म्हणजे, सोसायटीत केबल लॉक लावतो. शेजारच्या विंगमधून दोन सायकली गेल्या. काय वापरावं?

टायरलिव्हर
टायर इतक्यात टाकू नका. जुन्या ट्यूब ठेवल्या असतील तर बाहेर काढा, हवा भरा आणि बादलीत बुडवून भोक कुठे आहे ते बघा.

शेजारीशेजारी दोन चिरा असतील तर हवा कमी होती आणि खड्ड्याच्या काठावर ट्यूब रिमला चिमटली. भोक आतल्या, म्हणजे रिमच्या बाजूला असेल तर रिम टेप (रिमची भोकं झाकणारी पट्टी) सरकली आहे आणि आऱ्याच्या भोकाची कड ट्यूबला लागतेय. व्हॉल्व्हच्या बुडाशी फाटलं असेल तर पंप लावताना व्हॉल्व्ह हिसकला जातोय. आणि बाहेरच्या बाजूला सुईच्या टोकाएवढं एकच भोक असेल, तेही दर वेळी त्याच अंतरावर, तर कारण अजून टायरमध्येच बसलंय.

हायवेच्या कडेपट्टीवर हेच जास्त होतं. ट्रकचे रेडियल टायर फुटतात, त्यातल्या पोलादी तारांचे केसाएवढे तुकडे कडेला साचतात. मागच्या चाकावर भार जास्त, म्हणून तेच आधी सापडतं. तार टायरमध्ये रुतते, बाहेरून दिसत नाही आणि ट्यूबला हळूहळू टोचत राहते.

ट्यूबवर व्हॉल्व्हपासून भोकापर्यंतचं अंतर मोजा आणि टायरवर तेवढंच मोजा, पण व्हॉल्व्हच्या दोन्ही बाजूंना. ट्यूब कोणत्या तोंडाने बसली होती ते आता आठवणार नाही. मग टायरच्या आतून कापसाचा बोळा फिरवा. बोटाने चाचपू नका, एक तर लागत नाही आणि लागलं तर रक्त निघतं. कापूस जिथे अडकेल तिथे तार. यापुढे टायर चढवताना त्यावरचं नाव व्हॉल्व्हसमोर ठेवा, शोधाशोध निम्मी होते.

कडेकडेने
तीन ट्यूब आहेत. तिन्हींना भोक बाहेरच्या बाजूला, व्हॉल्व्हपासून सुमारे दीड वीत. कापूस अडकला! साखरेच्या दाण्याएवढी गंजकी तार. पकडीत येत नव्हती, नेलकटरच्या चिमट्याने ओढली. आता त्या तीन ट्यूब वाया का?

घाटचढ
वाया कशाला? भोकाभोवती सँडपेपर घासा, ट्यूबची चकाकी गेली पाहिजे. पॅचपेक्षा थोड्या मोठ्या जागेवर सोल्यूशनचा पातळ थर द्या आणि ४-५ मिनिटं थांबा. ओलं असताना पॅच लावला की तो सुटतो; लोकांची चूक नेमकी इथेच होते. बोटाला चिकटेनासं झालं की पॅच ठेवून कडांवर नीट दाबा. सोल्यूशनशिवायचे स्टिकर-पॅच फक्त घरी पोचण्यापुरते.

हवेचं म्हणाल तर १२० ही टायरची कमाल मर्यादा आहे, तेवढी भरलीच पाहिजे असं नाही. ७२ किलो आणि २५ च्या टायरला मागे ८५, पुढे ८० भरपूर झाले. पावसात दोन्हीकडे ५ कमी. त्याहून फार खाली गेलात तर वर सांगितलेल्या दोन चिरा ठरलेल्या. फ्रेममध्ये जागा असेल तर पुढच्या वेळी टायर २८ चे घ्या, मग मागे ७५ पुरतात. आकडे घरच्या गेजवाल्या उभ्या पंपाचेच धरा.

बीआरएमला २ ट्यूब, पॅच, टायर उतरवायला २ प्लास्टिक लिव्हर (स्क्रू-ड्रायव्हर नको, ट्यूबच कापतो), हातपंप आणि प्रेस्टाचं पितळी ॲडॅप्टर. रस्त्यावरच्या पंक्चरवाल्याचा पाइप मोटारसायकलच्या व्हॉल्व्हचा असतो; रुपयाच्या नाण्याहून लहान असलेलं ॲडॅप्टर नसलं तर त्याचा कॉम्प्रेसर तुमच्या कामाचा नाही. टायरला मोठी चीर गेली तर जुन्या टायरचा २ इंच तुकडा आतून लावा. दहाची नोटही चालते.

साखळीकुलूप
कुलपाबद्दल. केबल लॉक साध्या कटरने काही सेकंदांत तुटतं, कितीही जाड दिसलं तरी आत बारीक तारांचा पीळच असतो. यू-लॉक घ्या आणि तो लहान घ्या. आत मोकळी जागा जितकी जास्त तितकी पहार घालायला सोय. मागचं चाक आणि फ्रेम एकत्र, भिंतीत किंवा जमिनीत पक्क्या बसवलेल्या लोखंडाला. पावसाच्या पाण्याच्या पीव्हीसी पाइपला लावलेली सायकल कुलपासकट जाते. पुढच्या चाकाचा क्विक रिलीज (नुसत्या हाताने उघडणारी दांडी) काढून ॲलन कीनेच उघडणारा स्क्यूअर घाला, कारण नुसतं पुढचं चाक नेणारेही असतात. ट्रॅकर लपवायचा तर सीटखाली. धातूच्या नळीत घातला तर सिग्नल अडतो.

टायरलिव्हर
यात एक भर. आजच सायकल उलटी करून पेडलच्या बुडाशी, बॉटम ब्रॅकेटखाली कोरलेल्या फ्रेम नंबरचा फोटो काढा आणि बिलासोबत ठेवा. सायकलला आरटीओ नंबर नसतो, सापडली तर ती तुमचीच हे दाखवायला तोच नंबर. गेलीच तर 'हरवली' अशी नोंद करून परत येऊ नका. ती चोरीच आहे, भारतीय न्याय संहितेचं कलम ३०३. एफआयआर मागा आणि त्यात फ्रेम नंबर लिहिलाय का ते सही करण्याआधी वाचा.

कडेकडेने
फ्रेम नंबर सापडला, चिखलाखाली होता. पुढचा टायरही उतरवून कापूस फिरवला, त्यातही एक तार निघाली.