मदत हवी आहे: माकडहाडावरील लालसर डाग आणि दोनदा परत आलेला केअर प्लॅन

शुभदा_जीएनएम
आमचे पोस्टिंग वृद्धाश्रमात चालू आहे. माझ्याकडे दिलेल्या 84 वर्षांच्या आजींच्या माकडहाडावर रुपयाएवढा लाल डाग आहे. एअर मॅट्रेस आहे, रात्री दर 2 तासांनी कूसही बदलली जाते, तरी डाग जात नाही. मावशी स्पिरिट लावून चोळायला सांगतात, आणि मॅडमनी केअर प्लॅन ‘अपुरा’ असा शेरा मारून दोनदा परत केला. सोमवारी तो पुन्हा द्यायचा आहे. कृपया लवकर सांगावे.

जुनी_सिस्टर
मावशींचे ऐका. स्पिरिट-पावडरने पाठ चोळल्याशिवाय आमची ड्यूटी संपत नसे.

मेघना_ट्यूटर
ताई, आपल्या अनुभवाचा आदर राखून लिहिते: लाल झालेल्या जागी रक्तपुरवठा आधीच कमी झालेला असतो, तिथे चोळल्याने आतली इजा वाढते आणि स्पिरिटने कातडी कोरडी पडते. शुभदा, बोटाने दाबल्यावर डाग पांढरा पडतो का? ब्रेडन स्कोअर (बेडसोअरचा धोका मोजणारे गुण; जितके कमी तितका धोका जास्त) किती? आजी दिवसभर कुठे असतात?

निनाद_वॉर्ड4
जखम सलाइनने धुऊन ड्रेसिंग करावे.

मेघना_ट्यूटर
निनाद, कातडी अजून फाटलेली नाही.

शुभदा_जीएनएम
डाग पांढरा पडत नाही. ब्रेडन 14 आहे. आजी नाश्त्यापासून जेवणापर्यंत खुर्चीत, हवेच्या रबरी रिंगवर बसतात आणि हळूहळू पुढे घसरतात. बेडसोअर हा पलंगाचाच प्रश्न वाटल्याने मी हे लिहिले नव्हते.

मेघना_ट्यूटर
मग हा पहिल्या टप्प्याचा दाबव्रण (बेडसोअर) आहे, आणि तुमच्या प्लॅनमध्ये दिवसच नाही. घसरून बसल्यावर सगळा भार माकडहाडावर येतो, आणि रिंगच्या कडेचा दाब मधल्या भागाचा रक्तपुरवठा आणखी अडवतो. इन्चार्ज सिस्टरना सांगून रिंग काढून घ्या. कंबर पाठीला टेकलेली आणि पावले जमिनीवर राहतील असे बसवा, आणि तासाभराने उठवा. ‘व्रण बरा होईल’ एवढेच उद्दिष्ट न लिहिता डागाचा आकार रोज मोजून नोंदवा. लघवीवर ताबा आहे का, आहार किती जातो, हेही लिहा.

जुनी_सिस्टर
चोळण्याबाबत माझे मत बदललेले नाही, पण खुर्चीचे पटले. शुभदा, उठवण्याच्या वेळा मावशींसोबत बसून ठरव. तुझे पोस्टिंग संपल्यावर आजींना त्याच उठवणार आहेत.