मदत हवी आहे: सॉफ्ट प्लास्टिकवर मरळ सुटते, जिताडा लागतच नाही

मंडळी, आजवर जिवंत कोळंबीवर गरवत आलो, आता सॉफ्ट प्लास्टिक (मऊ रबराचं नकली आमिष) शिकतोय. खाडीत जिताड्यासाठी ४ इंची पॅडल टेल (हलणाऱ्या चपट्या शेपटीचं रबर), १० ग्रॅमचं जिग हेड (डोक्याला वजन असलेला गळ) लावतो. तळाला टेकू देतो, मग हळू उचलून पुन्हा सोडतो. टकटक जाणवते, रॉड उचलला की हातात शेपटी नसलेलं रबर! कापही कात्रीने घेतल्यासारखा, अर्धगोल. जिताड्याला असे कापणारे दात नसतात, तो तर आमिष पाण्यासकट तोंडात ओढतो. म्हणजे हे केंड (चोचीसारख्या दातांचे, फुगणारे मासे) असावेत असं मला वाटतं. अशा वेळी तुम्ही जागा बदलता की ओढण्याचा वेग वाढवता?

दुसरी अडचण मरळीची. शेवाळात अडकू नये म्हणून ऑफसेट गळाचं (डोळ्याजवळ वाकवलेल्या गळाचं) टोक रबरातच लपवतो. मरळ धाडकन येते, पाणी उसळतं, पण गळ रुतत नाही. काल तर पायाशी येऊन सुटली, फार जीव हळहळला. झटका द्यायच्या आधी किती थांबू? की रबर जाड आणि गळ लहान पडतोय?

रंगाचंही सांगा. गढूळ पाण्यात मी काळा वापरतो.