रुंदीच्या आधी टायरची तारीख बघा
स्विफ्टचे 185/65 आर15 टायर (185 मिमी रुंद, बाजूची उंची रुंदीच्या 65 टक्के, रिम 15 इंची) काढून जास्त रुंद 195/55 आर16 टाकले की पावसात पकड वाढते, हे टायर बदलण्याच्या चर्चेत कुणीतरी मांडलेलं मत मला अर्धंच पटतं. व्यास जवळपास तोच राहतो, कोरड्या रस्त्यावर गाडी वळणात नेमकी बसते, हे खरं. पण साचलेल्या पाण्यावर रुंद टायर उलट लवकर तरंगतो, तिथे कामाला येते ती खाचांची खोली. शिवाय साइडवॉल, म्हणजे टायरच्या बाजूची भिंत, 120 मिमीवरून 107 वर येते. रोज खड्ड्यांतून ऑफिसला जाणाऱ्याच्या रिमला मार बसणारच.

आणि त्या चर्चेत टायरच्या उत्पादनाच्या तारखेचा विषय कुणीच काढला नाही. साइडवॉलवर 'DOT' (डीओटी) या अक्षरांनी सुरू होणाऱ्या ओळीत शेवटी चार आकडे असतात. 2319 म्हणजे 2019 चा तेविसावा आठवडा. मी एकदा घाईत सवलतीतले 'नवे' टायर घेतले. खाचा पूर्ण, वरचे रबरी केसही शाबूत. पहिल्याच पावसात ताम्हिणीच्या उतारावर ब्रेक दाबला, तर गाडी सरळ घसरत गेली. घरी येऊन मोबाइलच्या उजेडात पाहिलं, टायर साडेचार वर्षांपूर्वीचे! रबर इतकं कडक झालेलं की नख रुतत नव्हतं. तारखेसह पूर्ण आकडा बऱ्याचदा एकाच बाजूला असतो, त्यामुळे रिमवर चढवण्याआधीच दोन्ही बाजू फिरवून बघा.