पाळीच्या वेदना : किती सोसायच्या आणि डॉक्टरांना कधी दाखवायचे?

रानजाई

नमस्कार. माझी मुलगी यंदा दहावीत आहे. तिला पाळी सुरू झाली तेव्हाचे पहिले वर्ष विनातक्रार गेले, पण त्यानंतर पाळीचा पहिला दिवस तिला अंथरुणातून उठू देत नाही. ओटीपोटात कळा येतात, कंबर आणि मांड्या भरून येतात, मळमळते, पातळ शौचाला होते आणि कधी कधी ती घामाघूम होऊन तिला चक्कर येते. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत हे सगळे ओसरते आणि ती सायकल काढून शिकवणीला जाते, त्यामुळे घरातल्या काहींना हा शाळा बुडवण्याचा बहाणा वाटतो.

माझी अडचण अशी की मला स्वतःला पाळीचा असा त्रास कधी झालाच नाही. सासूबाईंचे मत आहे की लग्न होऊन एक मूल झाले की हे आपोआप थांबते आणि तोवर ओव्याचा काढा आणि शेक पुरेसा आहे. माझी धाकटी जाऊ दर महिन्याला औषधाच्या दुकानातून गोळ्या आणते आणि त्या घेऊन ऑफिसला जाते. एकाच घरात तीन बायकांचे तीन अनुभव असताना मुलीचा त्रास कोणत्या मापाने मोजावा, हे मला कळत नाही. गोळीची सवय लागते का, त्यामुळे पुढे मूल होण्यात अडचण येते का, आणि डॉक्टरांकडे गेल्यास एवढ्या लहान मुलीची आतून तपासणी करतात का, याबद्दल अनुभवी मैत्रिणींनी आणि जाणकारांनी कृपया लिहावे.

निशिगंध

रानजाई, मी तालुक्याच्या गावी स्त्रीरोगतज्ज्ञ म्हणून काम करते. मुलीला न तपासता निदान सांगणे योग्य नाही, पण तुम्ही जे वर्णन केले आहे त्यातल्या बहुतेक गोष्टींचा उलगडा करता येतो.

पाळी येण्याच्या सुमारास गर्भाशयाच्या अस्तरातून प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्ये सुटतात. त्यांच्यामुळे गर्भाशयाचा स्नायू जोराने आकसतो, त्याला मिळणारा रक्तपुरवठा तेवढ्यापुरता कमी होतो आणि कळा येतात. हीच द्रव्ये आतड्यांवरही काम करतात, म्हणून मळमळ आणि पातळ शौच होते. त्यात बहाण्याचा भाग नाही. ज्यांना जास्त त्रास होतो त्यांच्या शरीरात या द्रव्यांचे प्रमाण जास्त आढळते, म्हणून तुम्हाला काहीच न होणे आणि मुलीला उभे न राहवणे या दोन्ही गोष्टी सारख्याच खऱ्या असू शकतात. पहिले वर्ष विनातक्रार गेले यातही नवल नाही. सुरुवातीच्या अनेक चक्रांत बीज बाहेर पडत नाही आणि अशी पाळी सहसा फारशी दुखत नाही. बीज नियमित सुटू लागले की वेदना सुरू होतात. म्हणूनच हा त्रास पुष्कळ मुलींमध्ये पाळी सुरू झाल्यानंतर सहा महिने ते वर्षभराने डोके वर काढतो.

तुमच्या जाऊबाई ज्या गोळ्या घेतात त्या बहुधा मेफेनॅमिक ॲसिड किंवा आयबुप्रोफेन या गटातल्या असाव्यात. या गोळ्या प्रोस्टाग्लँडिन तयार होण्याची क्रियाच रोखतात, त्यामुळे वेदना शिगेला पोहोचल्यावर घेतलेल्या गोळीपेक्षा रक्तस्राव सुरू होताच किंवा पहिली कळ जाणवताच घेतलेली गोळी अधिक उपयोगी पडते. कित्येक जणी ‘अगदीच सहन झाले नाही तर’ म्हणून थांबतात आणि मग गोळी लागू पडत नाही अशी तक्रार करतात. महिन्यातून एक-दोन दिवस, योग्य प्रमाणात आणि भरल्या पोटी घेतल्यास तिची सवय लागत नाही आणि मूल होण्याच्या क्षमतेवर कायमचा परिणाम होत नाही. मात्र पोटात अल्सर, मूत्रपिंडाचा विकार किंवा अशा गोळ्यांनी बळावणारा दमा असेल तर त्या परस्पर घेऊ नयेत. मेफेनॅमिक ॲसिडमुळे क्वचित होणाऱ्या एका गंभीर ॲलर्जीबद्दल औषधांच्या दुष्परिणामांवर लक्ष ठेवणाऱ्या इंडियन फार्माकोपिया कमिशन या सरकारी संस्थेने २०२३ च्या अखेरीस सावधगिरीची सूचना काढली होती. गोळ्या सुरू केल्यानंतरच्या काही आठवड्यांत अंगावर पुरळ, ताप किंवा गाठींना सूज आली तर गोळी थांबवून लगेच दाखवावे. अशी सूचना म्हणजे बंदी नव्हे, पण दुकानातून पट्टी आणून वर्षानुवर्षे कोणालाही न विचारता घेत राहणे बरोबर नाही, एवढे त्यातून नक्की समजावे.

आतून तपासणीच्या भीतीने अनेक आया मुलींना आमच्याकडे आणतच नाहीत. तुम्ही सांगितला तसा नेहमीच्या पठडीतला त्रास असेल तर लहान वयात त्या तपासणीची सहसा गरज नसते. सोनोग्राफी लागलीच तर ती पोटावरूनच करतात.

सासूबाईंच्या म्हणण्यात तथ्य अजिबात नाही असे मी म्हणणार नाही, कारण बाळंतपणानंतर पुष्कळ जणींच्या वेदना खरोखर कमी होतात. परंतु पंधरा-सोळा वर्षांच्या मुलीला दहा वर्षांनंतरच्या बाळंतपणाचा हवाला देणे हा उपचार नव्हे. वेदना दर महिन्याला वाढत गेल्या, पाळी संपल्यावरही टिकल्या, मध्येच ओटीपोट दुखू लागले, रक्तस्राव फार होऊ लागला किंवा योग्य वेळी घेतलेल्या गोळीने दोन-तीन पाळ्यांत फरक पडला नाही, तर मात्र कारण शोधले पाहिजे.

अबोली

डॉक्टरांनी शेवटी जे लिहिले आहे तिथूनच माझी कथा सुरू होते. मला कॉलेजात असल्यापासून पाळीच्या आधी दोन दिवस आणि पाळी संपल्यावरही दुखत असे, आणि पाळीत शौचाच्या वेळी सुरी फिरल्यासारखी कळ येई. सोनोग्राफी स्वच्छ आली म्हणून मला ताणतणाव कमी करण्याचा, वजन कमी करण्याचा आणि अखेर लग्न करण्याचा सल्ला मिळाला. लग्न झाले, पण वेदना तशीच राहिली, आणि त्यात शरीरसंबंधाच्या वेळच्या वेदनेची भर पडली, जिच्याबद्दल सासर-माहेर दोन्हीकडे बोलण्याची सोय नव्हती. तिशी उलटल्यावर दुर्बिणीची शस्त्रक्रिया झाली आणि तेव्हा एंडोमेट्रिओसिसचे निदान झाले. या आजारात गर्भाशयाच्या अस्तरासारख्या पेशी गर्भाशयाबाहेर, बीजकोशांवर, पोटाच्या आतल्या आवरणावर, कधी आतड्यांवरही वाढतात. बीजकोशात चॉकलेट सिस्ट, म्हणजे जुन्या रक्ताने भरलेली गाठ, झाली असेल तर ती सोनोग्राफीत दिसते, पण आवरणावरचे पातळ ठिपके सहसा दिसत नाहीत. रिपोर्ट नॉर्मल आहे म्हणून दुखणेही नाही, असा निष्कर्ष कोणी काढू नये, यासाठी हे सविस्तर लिहिले.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार प्रजननक्षम वयातल्या साधारण १० टक्के स्त्रियांना आणि मुलींना हा आजार असतो. मी आता डायनोजेस्ट ही संप्रेरकाची गोळी रोज घेते. पाळी जवळपास थांबली आहे आणि वेदना बरीच आटोक्यात आली आहे, पण पूर्ण गेलेली नाही. माझ्याबरोबरच शस्त्रक्रिया झालेल्या एका मैत्रिणीला याच गोळीने इतकी उदासी आली की तिला ती सोडावी लागली, म्हणून मी ती कोणाला सुचवत नाही. रानजाई, तुमच्या मुलीला हेच असेल असे मला अजिबात म्हणायचे नाही; तुम्ही लिहिलेली लक्षणे माझ्यापेक्षा वेगळी आहेत. फक्त ‘मलाही व्हायचे, सगळ्यांनाच होते’ हे वाक्य मी इतक्या जणींकडून ऐकले आहे की आता ते ऐकले की मी आधी समोरच्या मुलीला विचारते, नेमके कधी दुखते आणि कुठे.

माळरान

मला पाळीत हलकेच दुखते आणि पडून राहिले की ते वाढते, म्हणून मी पहिल्याच दिवशी चालायला जाते आणि घरातली सगळी कामे करते. नियमित व्यायामाने पाळीच्या वेदना कमी होतात असे अभ्यासांतही दिसले आहे, पण तो महिनाभर करावा लागतो. कळा सुरू झाल्यावर एखाद्या मुलीला ‘ऊठ, सूर्यनमस्कार घाल’ म्हणणे हा निव्वळ छळ आहे. शेकाला मात्र कोणी कमी लेखू नये, सासूबाईंचे ते म्हणणे बरोबर आहे. काही चाचण्यांत पोटावर सतत धरलेली सौम्य ऊब वेदनाशामक गोळीच्या तोडीची ठरली आहे. गरम पाण्याची पिशवी कपड्यात गुंडाळून वापरावी; माझ्या बहिणीच्या पोटावर उघड्या पिशवीने जाळीदार काळपट डाग पडले आणि ते कितीतरी दिवस गेले नाहीत. ओव्याच्या काढ्याने मला गॅसपुरता आराम पडतो, त्याहून जास्त नाही. दुसऱ्या बाळंतपणानंतर तांबी बसवली तेव्हा माझीही पाळी दुखरी आणि जास्त झाली होती. तांबीने हे होऊ शकते, हे बसवण्याआधी कोणी सांगितले नव्हते.

बालाघाट

मी बीड जिल्ह्यात आरोग्यसेविका आहे. इथली चर्चा शाळा आणि ऑफिसभोवती चालली आहे, म्हणून थोडे वेगळे लिहिते, पण ते याच प्रश्नाचे आहे. वेदना किती हे शरीर ठरवते, आणि तिचे पुढे काय होते हे त्या दिवशी बसता येते की नाही यावर ठरते.

आमच्याकडून दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीसाठी जोडपी पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. नवरा-बायको मिळून एक कोयता, म्हणजे मजुरांचे एक एकक, धरला जातो, मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेतलेली असते आणि कामाचा खाडा झाला की पैसे कापले जातात. पहाटे फडात उतरायचे, मोळ्या डोक्यावरून वाहून वाहनात भरायच्या, मुक्कामाला संडास नाही, कपडा धुवायला पाणी नाही. अशा ठिकाणी पाळीतली ओटीपोटाची कळ आणि अंगावरून पांढरे जाणे या दोन तक्रारी घेऊन बाई डॉक्टरकडे गेली की तिला कॅन्सरची भीती घालून ‘गर्भाची पिशवी काढून टाक’ असे सांगितले जाते, आणि कायमची कटकट गेली म्हणून तीही तयार होते. २०१९ मध्ये राज्य सरकारने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. जिल्ह्यातल्या सुमारे ८२ हजार ऊसतोड महिलांच्या सर्वेक्षणात १३ हजारांहून अधिक जणींची पिशवी काढलेली आढळली, त्यांतल्या कित्येक चाळिशीच्या आतल्या होत्या. त्यानंतर खासगी रुग्णालयांना अशा शस्त्रक्रियेसाठी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घ्यावी लागू लागली.

मी ज्या बायकांना भेटते त्यांपैकी काहींची कंबरदुखी शस्त्रक्रियेनंतर उलट वाढली आहे. बीजकोशही काढले असतील तर पाळी जाण्याचे सगळे त्रास अकाली सुरू होतात आणि हाडे ठिसूळ होतात. ज्या कळांसाठी साधी गोळी आणि एक दिवसाची विश्रांती पुरली असती, त्यांच्यासाठी हे झाले. बिहारमध्ये सरकारी नोकरीतल्या स्त्रियांना १९९२ पासून महिन्याला दोन दिवसांची विशेष रजा आहे आणि कर्नाटकाने २०२५ मध्ये वर्षाला १२ दिवसांच्या भरपगारी रजेचे धोरण मंजूर केले. ते चांगलेच आहे, पण उचलीवर काम करणाऱ्या बाईला रजा देणार कोण?

रानजाई

सर्वांचे मनापासून आभार. बालाघाट, तुमचे लिखाण मी सासूबाईंना वाचून दाखवले आणि त्यांनी त्यांच्या माहेरच्या दोन बायकांची नावे सांगितली.

निशिगंध, मुलीला गोळी आम्ही आजवर दुपारी, अगदी कळवळली की देत होतो. येत्या पाळीला सकाळीच, खायला घालून देऊ आणि त्याआधी डॉक्टरांना दाखवू. आणखी एक शंका आहे. तिच्या बोर्डाच्या परीक्षेत पाळीची तारीख येते आहे. आमच्याकडे गौरी-गणपतीला पाळी पुढे ढकलण्याची गोळी घेण्याची पद्धत आहे, तीच तेव्हा द्यावी का?

निशिगंध

ती गोळी म्हणजे बहुधा नॉरएथिस्टेरॉन. ती पाळीच्या अपेक्षित तारखेच्या साधारण तीन दिवस आधी सुरू करावी लागते आणि बंद केल्यावर दोन-तीन दिवसांत पाळी येते, कधी नेहमीपेक्षा जास्त जाते. वेदनेवर तिचा उपचार म्हणून उपयोग नाही. वेदना फक्त पुढच्या तारखेला जातात, आणि ती तारीख गणिताच्या पेपरलाच येणार नाही याची खात्री कोण देणार? घरात कोणाला रक्ताच्या गुठळ्यांचा त्रास झाला असेल किंवा मुलीला अर्धशिशी असेल तर ते डॉक्टरांना आधी सांगितले पाहिजे. सणासाठी सर्रास घेतली जाते म्हणून ती निरुपद्रवी ठरत नाही.

परीक्षेला अजून अवधी असेल तर वेळेवर घेतलेल्या वेदनाशामकाचा दोन-तीन पाळ्यांत अनुभव घ्या. तेवढ्याने भागले नाही तर संततिनियमनाच्या संप्रेरक गोळ्यांचा पर्याय असतो. त्यांच्यामुळे अस्तर पातळ राहते, प्रोस्टाग्लँडिन कमी तयार होते आणि वेदना उतरतात. नावामुळे आयांच्या चेहऱ्यावर जे भाव येतात ते मी रोज पाहते, पण या गोळ्या बंद केल्यावर बीज पुन्हा सुटू लागते आणि पुढे मूल होण्यात त्यांची आडकाठी नसते. त्या सुरू करण्यापूर्वी रक्तदाब मोजून घ्यावा. भेटीला येताना पाळी कधी आली, किती तास दुखले, कोणती गोळी किती वाजता घेतली आणि शाळा बुडाली का, एवढे वहीत लिहून आणावे. आठवणीने सांगताना आई कमी सांगते आणि मुलगी गप्प बसते, असा माझा अनुभव आहे.

अबोली

वहीबरोबर एक विनंती. डॉक्टरांकडे गेल्यावर थोडा वेळ तुम्ही बाहेर थांबा आणि मुलीला एकटीने बोलू द्या. माझी आई शेजारी बसलेली असल्यामुळे शौचाच्या वेळच्या कळेबद्दल मी कित्येक वर्षे कोणत्याच डॉक्टरांना सांगितले नव्हते, आणि निदानाची खूण नेमकी तीच होती.