आंतरराष्ट्रीय शाळा: निवड बारावीपासून मागे येत करावी, की पहिलीपासून पुढे जात?

घाटमाथा
पुण्या-मुंबईत पहिलीसाठी शाळा शोधणाऱ्या पालकांची चर्चा बहुतेक वेळा पोहण्याचा तलाव, एसी बस आणि वर्गातली पटसंख्या इथेच संपते. मला हे चूक वाटतं. मूल बारावीनंतर कुठे शिकण्याची शक्यता जास्त आहे ते आधी ठरवावं, त्यावरून बोर्ड, आणि शाळा सगळ्यात शेवटी.

एमएचटी-सीईटीचे, म्हणजे राज्यातल्या इंजिनिअरिंग-फार्मसी प्रवेशपरीक्षेचे, प्रश्न राज्य मंडळाच्या अभ्यासक्रमावर येतात. अकरावीचा भार 20 टक्के, बारावीचा 80. आयबी (इंटरनॅशनल बॅकलॉरिएट) या आंतरराष्ट्रीय बोर्डाचा अकरावी-बारावीचा डिप्लोमा करणाऱ्या मुलाला त्याच दोन वर्षांत सहा विषय, 4,000 शब्दांपर्यंतचा शोधनिबंध, टीओके (ज्ञान म्हणजे काय याचा अभ्यास) आणि सीएएसचे (कला, खेळ, समाजसेवा) उपक्रम पूर्ण करायचे असतात. त्यावर सीईटीचा क्लास लावला की दोन्ही डगरींवर पाय.

डॉक्टरकीचं तर आणखी अवघड. नीट या वैद्यकीय प्रवेशपरीक्षेला बसायचं तर बारावीला भौतिक, रसायन, जीवशास्त्र आणि इंग्रजी लागतं. डिप्लोमाच्या रचनेत दोन भाषा, एक सामाजिक शास्त्र, एक विज्ञान, एक गणित आणि सहावा विषय कला किंवा आधीच्या गटांतला. म्हणजे सरळ मार्गाने दोनच विज्ञानं बसतात. तिसऱ्यासाठी शाळेला आयबीकडून खास परवानगी काढावी लागते, नाहीतर तो सातवा विषय होतो. हे पालकांना अकरावीत कळतं, तेव्हा उशीर झालेला असतो.

आणि पाटीवर ‘इंटरनॅशनल’ आहे म्हणून भुलू नका. असं नाव लावलेल्या कित्येक शाळा सीबीएसईच्या आहेत.

पाटीपेन्सिल
पूर्ण असहमत. सहा वर्षांच्या मुलासाठी नीट डोळ्यांपुढे ठेवून शाळा निवडायची? वैद्यकीय प्रवेशाला देशभर नीट बंधनकारक झाली 2016 मध्ये, केंद्रीय विद्यापीठांच्या पदवी प्रवेशाची सीयूईटी आली 2022 मध्ये. आज पहिलीत असलेलं मूल प्रवेशपरीक्षेला बसेल तोवर काय काय बदलेल, यावर आजचा निर्णय टांगणं मला पटत नाही.

बघायचा तो वर्ग. शाळेत गेल्यावर चौथीच्या वह्या मागा. शिक्षकाने नुसती बरोबरची खूण केली आहे, की चूक कुठे झाली ते लिहिलं आहे? मुलाने ती नंतर दुरुस्त केली आहे का? पीवायपीत, म्हणजे आयबीच्या प्राथमिक अभ्यासक्रमात, वर्गांना वर्षाला सहा चौकशी-घटक (एकेका विषयसूत्राभोवती अनेक विषय गुंफून शिकवायचे भाग) असतात. शाळा ते तक्त्यावर लावून अभिमानाने दाखवते. तेव्हा एकच विचारा: गणिताला आठवड्यात वेगळ्या तासिका किती? सगळं गणित घटकांतच मिसळलं असेल, तर पाचवीत अपूर्णांक आणि भागाकार कच्चे राहण्याचा धोका खरा आहे, कारण ज्या घटकात मोजण्यासारखं काही नाही त्या काळात सराव होतच नाही.

दुसरं, गेल्या दोन वर्षांत प्राथमिकचे किती शिक्षक सोडून गेले? याचं उत्तर टाळणारी शाळा यादीतून काढली तरी चालेल. बोर्ड बदलायला सहावीत, आठवीत वाव असतो. लहानपणी बसलेली अभ्यासाची नावड सहज बदलत नाही.

हिशेबवही
दोघांनीही पैशाला हात लावलेला नाही. आज फी वर्षाला 5 लाख धरा, सरासरी वाढ 8 टक्के. बारावीच्या वर्षी ती 11 लाख 66 हजारांच्या आसपास जाते आणि बारा वर्षांची बेरीज साधारण 95 लाख. बस, जेवण, सहली, लॅपटॉप वेगळे. परीक्षा शुल्कही बहुधा वेगळं. त्यात अनेक शाळांत अकरावीला फी एकदम वरच्या टप्प्यावर उडी मारते. म्हणून पहिलीचा आकडा विचारू नका, सगळ्या इयत्तांचा चालू वर्षाचा तक्ता लेखी मागा.

महाराष्ट्राच्या 2011 च्या शुल्क नियमन कायद्यानुसार वर्ष सुरू झाल्यापासून 30 दिवसांत पालक-शिक्षक संघ व्हायला हवा, त्याची कार्यकारी समिती सोडतीने निवडली जाते आणि ठरलेली फी दोन वर्षं बंधनकारक असते. समितीच्या मागच्या बैठकीचं इतिवृत्त मागितल्यावर शाळा काय करते, त्यावरून पुढची बारा वर्षं कशी जातील याचा अंदाज येतो.

घाटमाथा
पाटीपेन्सिल, वह्यांचा मुद्दा मान्य. पण बोर्ड बदलायला वाव असतो हे तुम्ही फार सोपं करून सांगताय. दहावी आयजीसीएसईने (केम्ब्रिज बोर्डाच्या दहावीच्या परीक्षेने) करून अकरावी राज्य मंडळात घ्यायची असेल, तर शाळा मुलांना मार्च सत्राला बसवते की मे-जूनच्या, हे कळीचं. मार्चचा निकाल मेमध्ये लागतो. मे-जूनचा ऑगस्टमध्ये, तोवर अकरावी प्रवेशाच्या मुख्य फेऱ्या उरकत आलेल्या असतात. भारतीय विद्यापीठ संघाच्या समकक्षतेसाठी (ही परीक्षा आपल्या दहावीच्या बरोबरीची धरली जावी म्हणून) किमान पाच विषय लागतात, हेही आधी कुणी सांगत नाही.

शिवाय आयजीसीएसईचे दोन स्तर: सोपा कोअर आणि पूर्ण अभ्यासक्रमाचा एक्स्टेंडेड. गणितात कोअरला बसलेल्या मुलाची कमाल श्रेणी सी, पेपर पूर्ण बरोबर सोडवला तरी.

पाटीपेन्सिल
कोअरचा धोका खरा आहे, पण तो शाळेच्या वागणुकीचा आहे. निकालाचा तक्ता चांगला दिसावा म्हणून काठावरच्या मुलांना कोअरला ढकलणं हे शाळा करते, केम्ब्रिज नव्हे. म्हणूनच मी बोर्डाआधी शाळा बघा म्हणते. हा निर्णय कोण घेतं, केव्हा, आणि पालकांची सही लागते का, हे प्रवेशाच्या वेळीच विचारून ठेवावं.

आणि मराठी! 2020 च्या कायद्याने राज्यातल्या सगळ्या बोर्डांच्या शाळांत ती सक्तीची आहे. आठवड्याला तासिका किती, शिक्षक पूर्णवेळ आहे का, ग्रंथालयात मुलांसाठी मराठी पुस्तकं आहेत का, हे मराठी पालकही विचारत नाहीत, याचं मला फार वाईट वाटतं.

प्रयोगवही
घाटमाथा, बोर्डावरून सुरुवात करायची तर ती तरी नीट करा. आयबीची मान्यता शाळेला सरसकट मिळत नाही. पीवायपी, एमवायपी (आयबीचा माध्यमिकचा अभ्यासक्रम), डिप्लोमा प्रत्येकाची वेगळी असते. ‘कँडिडेट’ म्हणजे प्रक्रियेत आहे, मान्यता अजून नाही. आयबीच्या संकेतस्थळावर शाळेचं नाव टाकलं की पाच मिनिटांत कळतं.

सीईटीबद्दल तुमचं बरोबर. मात्र नीटसाठी केम्ब्रिजचं ए लेव्हल (त्यांची अकरावी-बारावी) बंद दार नाही: तिथे भौतिक, रसायन, जीव तिन्ही सरळ घेता येतात, इंग्रजीची सोय तेवढी बघावी लागते. ‘आंतरराष्ट्रीय बोर्ड’ म्हणून दोघांना एकाच पारड्यात टाकू नका.

डिप्लोमाच्या निकालाची जाहिरात बघताना 45 पैकी सरासरी किती एवढ्यावर थांबू नका. किती मुलं बसली? दहावीला किती होती, त्यातली किती अकरावीला राहिली? 60 पैकी 14 उरली असतील, तर सरासरी 38 येण्यात शाळेचं श्रेय किती ते ज्याने त्याने ठरवावं. शेवटचं म्हणजे हायर लेव्हल (डिप्लोमातल्या वरच्या स्तराचं) भौतिक आणि गणित शिकवणारी माणसं तिथे किती वर्षं आहेत? विज्ञानात 20 टक्के गुण शाळेतच केलेल्या प्रयोग-संशोधनाचे असतात. शिक्षक मध्येच सोडून गेला की पहिला फटका तिथे बसतो, कारण विषय नक्की करण्यापासून कच्च्या मसुद्यावरच्या शेऱ्यापर्यंत एकाच माणसाचा हात लागतो. प्रयोगशाळा बघायला जाल तेव्हा चकचकीत ओटे बघू नका, मागच्या वर्षीचे अहवाल मागा.