कानावरचं व्हेगस उत्तेजन आणि दाह: चाचण्या चालू ठेवाव्यात की थांबवाव्यात?

धागाकर्ता: सप्तरंगी

मेंदूच्या खोडापासून छाती-पोटापर्यंत जाणाऱ्या व्हेगस नर्व्हला विजेचे स्पंद दिले की दाह कमी होतो, हे अमेरिकी संशोधक केव्हिन ट्रेसी यांच्या गटाने २००० साली उंदरांवर दाखवलं. एंडोटॉक्सिन (जिवाणूंच्या आवरणातला, दाह पेटवणारा पदार्थ) टोचलेल्या उंदरांची नर्व्ह उत्तेजित केली, तर टीएनएफ (दाह वाढवणारं प्रथिन) कमी वाढला आणि रक्तदाब कोसळणं टळलं. २०१६ मध्ये मानेत यंत्र बसवलेल्या रुमेटॉइड आर्थ्रायटिसच्या (सांध्यांच्या दाहाच्या आजाराच्या) रुग्णांतही टीएनएफ उतरला. मधे काही दिवस उत्तेजन बंद ठेवलं, तेव्हा आजार पुन्हा वर आला.

शस्त्रक्रिया न करता हाच परिणाम मिळतो का, हा खरा प्रश्न आहे. कानाच्या वरच्या खोलगट भागात, सिंबा कोंकामध्ये, व्हेगसची शाखा त्वचेपर्यंत येते. तिथे २५ हर्ट्‌झ आणि सुमारे २५० मायक्रोसेकंदांचे स्पंद देता येतात. माझं मत असं की या चाचण्या चालू ठेवाव्यात, पण 'दुखणं किती कमी झालं' एवढंच विचारून थांबू नये. रक्तातल्या पेशी दाहाला कसं उत्तर देतात, ते मोजायला हवं.

मज्जारज्जू

असहमत. कानावरची मोठी चाचणी झालेली आहे. २०२३ मध्ये रुमेटॉइड आर्थ्रायटिसच्या १०० हून जास्त रुग्णांवर १२ आठवडे खरं उत्तेजन आणि शॅम (तुलनेसाठीचं खोटं उत्तेजन) यांची तुलना झाली. दोन्ही गटांत फरक दिसला नाही. त्याआधी २०१५ मध्ये निरोगी स्वयंसेवकांना एंडोटॉक्सिन देऊन, शिरेतून आत सरकवलेल्या इलेक्ट्रोडने थेट मानेतली व्हेगस उत्तेजित केली होती. तिथेही सायटोकाइन (टीएनएफसारखी दाहाचे संदेश देणारी प्रथिनं) बदलले नाहीत.

मार्गाचाही वाद आहे. व्हेगसचा संदेश प्लीहेच्या (जिथे दाहाच्या पेशी मोठ्या संख्येने असतात त्या अवयवाच्या) नर्व्हपर्यंत पोचतो, असं ट्रेसी यांचा गट मानतो. मेलबर्नमधल्या मॅकॲलन आणि मार्टेली यांच्या कामात उंदरांत दाह रोखणारा बाहेर जाणारा संदेश पोटातल्या अवयवांकडे जाणाऱ्या स्प्लॅंक्निक नर्व्हमधून जाताना दिसला. बरं, कानाची शाखा तर फक्त मेंदूकडे जाणारी संवेदना वाहते. म्हणजे आधी मेंदूच्या खोडात शिरायचं आणि मग तिथून उलट खाली यायचं. हा अर्धा रस्ता गृहीत धरून रुग्णांचे महिने का घालवायचे?

पिपेट

सप्तरंगी म्हणतात ती रक्तचाचणी, म्हणजे रक्तात एलपीएस (शुद्ध केलेलं एंडोटॉक्सिन) घालून टीएनएफ किती वाढतो ते पाहणं, नीट केली तरच उपयोगाची आहे, आणि बिघडायला ती फार सोपी आहे. म्हणून तपशील देतो.

रक्त गोठू नये म्हणून ते हेपरिनच्या नळीत घ्या. त्याच कामाचं ईडीटीए कॅल्शियम बांधून ठेवतं, त्यामुळे टीएनएफची निर्मितीच दबते. तासाभरात प्रक्रिया सुरू करा. प्रत्येक नमुन्याची एक नळी एलपीएसविना ठेवा. तिच्यात टीएनएफ वाढलेला आढळला, तर नळी किंवा सुई दूषित होती असं समजून तो नमुना बाद करा. बाकीच्या नळ्यांत एलपीएसच्या किमान दोन-तीन मात्रा घ्या, उदाहरणार्थ मिलिलिटरला १, १० आणि १०० नॅनोग्रॅम. फक्त जास्त मात्रा दिली तर पेशी टोकाचं उत्तर देतात आणि उत्तेजनाचा छोटा फरक दिसतच नाही. एलपीएस नळीच्या भिंतीला चिकटतं, म्हणून प्रत्येक वेळी नीट ढवळा आणि सगळ्या चाचणीला एकाच बॅचचं वापरा. ३७ अंशांवर ४ तास ठेवा, मग फिरवून प्लाझ्मा वेगळा करून उणे ८० ला ठेवा. एकाच व्यक्तीचे आधीचे आणि नंतरचे नमुने एलायझाच्या (प्रथिन मोजणाऱ्या चाचणीच्या) एकाच प्लेटवर लावा, आणि टीएनएफ मोनोसाइटच्या (टीएनएफ बनवणाऱ्या पांढऱ्या पेशींच्या) संख्येने भागा.

वेळही तीच हवी. सकाळी कॉर्टिसॉल (ताणाचं संप्रेरक) जास्त असतो आणि तो टीएनएफ दाबतो. एक नमुना सकाळी आठला आणि दुसरा दुपारी दोनला घेतला, तर जे मोजाल ते घड्याळ असेल.

मज्जारज्जू

पिपेट, तुमच्या मुद्द्यातूनच माझी मोठी हरकत निघते. बोचणाऱ्या उत्तेजनाने ॲड्रेनलिन वाढतं आणि ते मोनोसाइटवरच्या बीटा-२ रिसेप्टरमधून (ॲड्रेनलिनचा संदेश घेणाऱ्या प्रथिनातून) टीएनएफ खाली आणतं. म्हणजे व्हेगसचा काही संबंध नसतानाही आकडा उतरेल. वाळलेली जेल, तेलकट त्वचा, कानावरून सरकलेला इलेक्ट्रोड यांनी स्पर्शाचं क्षेत्र लहान होतं, त्याच मिलिअँपियरला एका ठिपक्यावर प्रवाह दाटतो आणि झणका बसतो. अशा प्रत्येक दिवशी निकाल एकाच बाजूला झुकेल.

सप्तरंगी

बरोबर, आणि म्हणूनच शॅम कसं निवडता यावर सगळं अवलंबून आहे. बहुतेक ठिकाणी कानाच्या पाळीवर उत्तेजन देतात, कारण तिथे व्हेगस नाही, ग्रेट ऑरिक्युलर नर्व्ह आहे. पण पाळीची संवेदना वेगळी असते आणि लोक ओळखतात. माझी सूचना: दोन्ही जागी ०.१ मिलिअँपियरच्या पायऱ्यांनी प्रवाह वाढवा, जाणीव आणि वेदना यांची पातळी लिहून ठेवा, दोन्हींच्या मध्ये तीव्रता ठरवा. प्रत्येक सत्राआधी त्वचा पुसून विजेला होणारा अडथळा मोजा. शेवटी सहभागींना विचारा, तुम्ही कोणत्या गटात होतात असं वाटतं? सोबत कॉर्टिसॉल आणि ॲड्रेनलिन मोजा, म्हणजे मज्जारज्जूंची शंका आकड्यांतच तपासली जाईल. हृदयगतीतल्या चढउतारांवर मात्र विसंबू नका. हृदयाकडचे तंतू जागे झाले म्हणजे प्लीहेकडचा मार्ग जागा झाला असं होत नाही.

मज्जारज्जू

अशी रचना असेल तर निरोगी स्वयंसेवकांवर करा, माझी हरकत नाही. रुग्णांवर नको, कारण त्यांच्यासाठी मानेतलं यंत्र आता आहे. अमेरिकेच्या एफडीए या औषध-नियामक संस्थेने २०२५ मध्ये ते मान्य केलं, रोज १ मिनिट उत्तेजन. २४२ रुग्णांच्या चाचणीत सगळ्यांना यंत्र बसवलं, अर्ध्यांचं बंद ठेवलं. १२ आठवड्यांनी २० टक्के सुधारणेचा निकष ३५.२ टक्के रुग्णांनी गाठला, शॅम गटात २४.२ टक्क्यांनी.

पिपेट

११ टक्क्यांच्या त्या फरकासाठी मानेत चीर, आवाज घोगरा होण्याची शक्यता आणि यंत्र कायमचं शरीरात. जैविक औषधं (टीएनएफसारखी प्रथिनं रोखणारी औषधं) न चाललेल्या रुग्णाला हे पटू शकतं. सौम्य आजाराच्या रुग्णाला काय सुचवाल?

मज्जारज्जू

मेथोट्रेक्सेट हे या आजाराचं नेहमीचं औषध, वेळेवर आणि पुरेशा मात्रेत.

सप्तरंगी

ते बंद करा असं कोणीच म्हणत नाही. त्यावर जोड म्हणून कानाचं उत्तेजन, शॅमसह, आणि औषधांची मात्रा चाचणीभर स्थिर. मात्रा मधेच बदलली तर त्या रुग्णाचा तिथून पुढचा निकाल वेगळा काढा.